परत घेतलेली चाल

खोलीत बुद्धिबळाचे सहा पट होते. चार पुठ्ठ्याचे, दोन लाकडी. सोंगट्या असायला हव्या होत्या एकशे ब्याण्णव. मूळच्या उरल्या होत्या एकशे ब्याऐंशी. बाकीच्या दहा काचेच्या : आठ प्यादी, एक उंट आणि एक घोडा. त्या सोंगट्या मामांनी भट्टीशेजारी उभं राहून फुटक्या परीक्षानळ्यांच्या तुकड्यांतून ओढून केल्या होत्या. घोडा काही जमला नव्हता. तो बसलेल्या कुत्र्यासारखा दिसायचा, म्हणून त्या पटावर ‘कुत्रा अडीच घरं गेला’ असंच म्हणायची पद्धत पडली होती. खुर्च्या अकरा, त्यांतल्या दोन पाठ नसलेल्या. लांब बाक एक. खिडक्या दोन, पैकी उघडणारी एक. भिंतीवर घड्याळासाठी खिळा होता, घड्याळ नव्हतं. जेवणाच्या सुट्टीचा एकचा भोंगा झाला की माणसं यायची, पावणेदोनचा झाला की जायची. मधल्या पंचेचाळीस मिनिटांना काटे नव्हते.

कारखाना प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं बनवायचा. मामा तिथले सगळ्यांत जुने काच फुंकणारे. ते कोणाचे मामा होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मोठ्या मालकांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. आणि माप लावणारी जी होती तिला सगळे ताई म्हणत, ती त्या खोलीत वयाने सगळ्यांत लहान असूनही. तिचं काम असं : ब्युरेट नावाच्या मापनळीत पाणी भरायचं, थोडं थोडं सोडून त्याचं वजन करायचं, रेघ नेमकी कुठे यायला हवी ते ठरवायचं, आणि मग आम्लाने ती काचेवर कोरायची. काचेवर उमटलेली रेघ पुसता येत नाही. केसभर चुकली तरी अख्खी नळी मोडीच्या पिंपात जाते. आठवड्याला सरासरी चार नळ्या तिच्या हातून अशा जायच्या, आणि पिंपात काच फुटल्याचा आवाज आला की सगळा विभाग मान वर करून बघायचा.

म्हणूनच की काय, खोलीतला मामांचा नियम तिच्या हाडीमासी मुरला होता. नियम सोपा होता. खेळलेली चाल परत घेता येते, पण आधी चूक सांगायची. ‘सहज खेळलो’ चालत नाही. काय दिसलं नाही, किंवा दिसूनही का खेळलो, ते समोरच्याला पटेल असं बोलायचं. मग चाल परत. एका डावात तीच चूक दुसऱ्यांदा सांगता येत नाही. या नियमाने डाव लांबायचे, भोंग्याला अर्धवट राहायचे, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हायचे. कोण किती जिंकलं याचा कोणाला पत्ता नव्हता. कोण कोणती चूक करतो हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. मामांना घोड्याची उडी दिसायची नाही. पॅकिंगमधला, ज्याला सगळे दोरी म्हणत, तो वजीर मोकळा सुटला की हुरळायचा. ताईला लांबचा उंट दिसायचा नाही. जवळचं सगळं ती दशांश स्थळापर्यंत बघायची, आणि पटाच्या पार दुसऱ्या टोकाला दबा धरून बसलेला उंट तिच्या लेखी भिंतीचा भाग असायचा.

कारखान्याचे नवे व्यवस्थापक, ज्यांना सगळे छोटे साहेब म्हणत, या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारातच उभं राहून तीन डाव पाहिले. ते विद्यापीठाच्या संघातून खेळलेले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मामांशी अदबीने बोलून नियम समजून घेतला, मान हलवली, आणि आठवड्याने स्वतःच्या खर्चाने डावाची चार घड्याळं घेऊन आले.

कारखान्या-कारखान्यांमधली स्पर्धा दोन महिन्यांवर होती. गेटजवळच्या काचेच्या कपाटात, जिथे गिऱ्हाइकं थांबतात, तिथे एक करंडक असावा अशी मोठ्या मालकांची इच्छा असल्याचं साहेबांनी सांगितलं. चौघांचा संघ ठरला. पहिल्या पटावर ताई, दुसऱ्यावर साहेब स्वतः, तिसऱ्यावर दोरी, चौथ्यावर स्टोअरकीपर. दोन महिने खोली संघाच्या सरावासाठी राखून ठेवली गेली. चाल परत घेणं बंद. बाकीचे, म्हणजे मामा धरून आठजण, डबे घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर बसू लागले. मामांनी कुरकुर केली नाही, पण दोनच दिवसांनी ते पट न उघडता नुसतेच बसलेले तिला दिसले. विचारलं तर म्हणाले, उन्हात काचेच्या सोंगट्या डोळ्यांवर चमकतात.

त्याच दुपारी ती साहेबांच्या खोलीत गेली.

तिने सांगितलं की ती पहिल्या पटावर खेळेल, पण स्पर्धा संपली की खोली सगळ्यांची, आणि नियम पूर्वीचा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की नेमकं हेच त्यांना तिच्याशी बोलायचं होतं.

“ताई, तुमच्यासारखी नजर मी विद्यापीठातसुद्धा पाहिली नाही. पण त्या खोलीत तुम्ही खराब होताय. चूक केली, सांगून टाकली, मोकळे झालो. हरायची किंमतच मोजावी लागत नसेल तर माणूस शिकेल कशाला?”

“किंमत मी दिवसभर मोजतेच की. पिंप भरलेलं आहे.”

“ते काम झालं.”

“हो. आणि हा खेळ आहे.”

साहेब हसले. मग म्हणाले, ठीक आहे, करंडक आणा, खोली तुमची. त्यात तुम्ही उलटे चाला नाहीतर सरळ. पण नाही आणला, तर पॅकिंगवाले कधीपासून खोकी ठेवायला जागा मागताहेत. ती विचार करत जिना उतरली. जिंकण्यासाठी खेळायचं नाही एवढा एक हट्ट टिकवायचा, तर त्यासाठी आधी जिंकून दाखवायचं. नळीला माप लावायला निघावं आणि तराजूच खोटा निघावा, असं काहीतरी ते होतं. पण पायऱ्यांवर आठ माणसं बसली होती, तेव्हा तिने मुकाट्याने सराव सुरू केला.

दोन महिने साहेब तिच्या मागे उभे राहून शिकवत. हात सोंगटीला लागण्याआधी पाचपर्यंत मोजा. चेहरा कोरा ठेवा. समोरच्याचं घड्याळ बघत राहा. त्याचा वेळ संपत आला की डाव गुंतवा, सोपा करू नका. वेळेवर जिंकलेला डावही जिंकलेलाच असतो. स्टोअरकीपर दबक्या आवाजात म्हणायचा की हे उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. पण शेळ्या वळत होत्या खऱ्या. संघ तयार झाला. दोरीसुद्धा वजीर सुटला की खुर्चीखाली हात दाबून धरायला शिकला.

स्पर्धा एका तंत्रविद्यालयाच्या सभागृहात होती. आठ संघ होते, आणि काचवाले शेवटच्या फेरीपर्यंत पोचले. समोर पंपाच्या कारखान्याचा संघ. प्रत्येक खेळाडूला साठ मिनिटं. अकराला घड्याळं सुरू झाली. भिंतीकडेच्या बाकावर मामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी पायऱ्यांवरचे आणखी पाचजण.

ताईसमोर आला तो एक फिटर. पन्नाशीचा, जाड बोटांचा, सोंगटी उचलण्याआधी पँटला हात पुसायची सवय असलेला. तो हळू खेळायचा. प्रत्येक चालीला पटावर असा वाकायचा, जणू कुठून तेल गळतंय ते शोधतोय. पाऊणच्या सुमाराला बाकीचे तीन पट संपले. दोरी जिंकला, स्टोअरकीपर हरला, साहेबांनी बरोबरी केली. दीड-दीड गुण. करंडक आता तिच्या पटावर अवलंबून होता, आणि सभागृहातली सगळी माणसं त्याच्याभोवती जमा झाली.

तिच्या घड्याळात अकरा मिनिटं होती. फिटरच्या घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद. पटावर तो सरस होता, पण थोडासाच, आणि त्याच्या वेगाने ते थोडंसं पदरात पाडून घ्यायला त्याला अर्धा तास तरी हवा होता.

तिने पाचपर्यंत मोजलं. हत्ती उचलला, फिटरच्या राजाशेजारी सातव्या रांगेत नेऊन ठेवला, हात काढला, घड्याळ दाबलं. आणि तेव्हा तिरक्या रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला, हत्तीवर रोखलेला फिटरचा उंट तिला दिसला.

पुढचं जे घडलं ते तिने ठरवून केलं नाही. तोंड आणि हात त्यांच्या त्यांच्या सवयीने चालले. “उंट दिसला नाही मला,” ती स्पष्ट म्हणाली, “हत्तीच्या मागे राजा होता, तेवढाच बघत राहिले.” आणि तिने हत्ती उचलून पूर्वीच्या घरात ठेवला.

सभागृहात फक्त बाकावरच्या सहा माणसांनी मान डोलावली, कारण चूक नीट सांगितली गेली होती.

फिटर चक्रावून तिच्याकडे बघत होता. पंच पुढे आले आणि त्यांनी दोन्ही घड्याळं थांबवली. ते निवृत्त शिक्षक होते, आवाज मऊ आणि शब्द मोजके. त्यांनी सांगितलं की हात सुटला म्हणजे चाल झाली. हत्ती तिथेच राहील. तिचे कान तापले. तिने आपली चूक झाली म्हणून त्यांची माफी मागितली, सवय आहे म्हणाली. कसली सवय, असं फिटरने विचारलं, तेव्हा तिने दोन वाक्यांत खोली आणि नियम सांगितला. त्याने पँटला हात पुसला.

“चूक सांगितली की परत?”

“पटेल अशी सांगितली तर.”

“मला पटली,” फिटर पंचांना म्हणाला. “घेऊ दे त्यांना. माझी हरकत नाही.”

पंचांनी मान हलवली. दोघांची संमती असली तरी नियम दोघांचा नसतो, सगळ्या सभागृहाचा असतो, असं ते म्हणाले. आणि ते चुकीचं नव्हतं. घड्याळं सुरू करण्यापूर्वी त्यांनी कप्तानाला खेळाडूशी एक मिनिट बोलायची परवानगी दिली.

छोटे साहेब तिच्या खुर्चीशी वाकले. ते रागावले नव्हते; उलट त्यांचे डोळे चमकत होते. हत्ती जाऊ दे, म्हणाले. त्याच्याकडे शंभर सेकंद आहेत. तुम्ही नुसत्या चाली करत राहा, कुठल्याही, भराभर. राजा इकडून तिकडे. तो माणूस एका चालीला मिनिट घेतो. दोन, फार तर तीन चालींत त्याचा वेळ संपतो.

“डाव मी हरलेय, साहेब.”

“पटावर. घड्याळावर जिंकलाय.”

तिने हिशोब केला. तो बरोबर होता. तीन चाली, दीड-दोन मिनिटं, आणि कपाटात करंडक, खोलीत खोकी नाहीत, पायऱ्यांवरची माणसं खुर्च्यांवर. तिने बाकाकडे पाहिलं. मामा डब्याच्या झाकणावर बोटाने काहीतरी घरं काढत होते. बहुधा उंटाची रेषा. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, तिलाही. तरी राजा इकडून तिकडे हलवत, समोरच्या माणसाला बोटं पुसायलाही उसंत न देता जिंकलेल्या खोलीत सोमवारी एक वाजता आपण कोणत्या तोंडाने जाऊन बसणार, आणि कोणाची कोणती चूक ऐकून घेणार, हे तिला कळेना. हा प्रश्न करंडकाहून मोठा होता की नुसताच तिचा ताठा होता, हेही तिला त्या मिनिटात नक्की सांगता आलं नसतं. पण हात हत्तीकडे जायला तयार नव्हता.

“मिनिट झालं,” पंच म्हणाले. “हत्ती सातव्या रांगेत ठेवा.”

“नाही,” ती म्हणाली.

“बाई, मग डाव तुमच्या विरुद्ध द्यावा लागेल.”

“द्या ना. तुमचा नियम तुम्ही लावा, तुमचं बरोबर आहे. पण चूक मी सांगितली आहे, यांना पटली आहे, आणि चाल मी परत घेतली आहे. ती आता कोणासाठीही पुन्हा खेळणार नाही.”

साहेबांनी तिला हाक मारली, एकदा साधी, एकदा जरा वरच्या आवाजात. खोलीची आठवण करून दिली. ती उठून उभी राहिली, कारण बसून मान वर करून बोलणं तिला नको होतं.

“साहेब, तुम्ही म्हणालात करंडक आणला तर खोली आमची. आणत नाही. खोकी ठेवा खुशाल. गेटकडच्या पायऱ्या नऊ आहेत आणि पट सहा. आम्ही मावतो.”

“पायऱ्यांवर बसून हरायला शिकाल.”

“हरायला येतंच की आम्हाला. तुम्हाला कुठे येतं?”

दोन-तीनजण हसले. साहेबांचा चेहरा उतरला, आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर नेमकी रेघ मारल्याचं तिला थोडं वाईटही वाटलं. पण तिने शब्द परत घेतले नाहीत. पंचांनी कागदावर निकाल लिहिला, अडीच विरुद्ध दीड, आणि सहीसाठी पेन फिटरपुढे केलं. फिटरने ते घेतलं नाही. डाव संपल्याशिवाय कशाची सही, असं त्याने विचारलं. त्याच्याच संघातल्या एकाने मागून टपली मारली की वेड्या, करंडक मिळतोय, सही कर. त्याने केली, पण त्याआधी पंचांकडून कबूल करून घेतलं की पट आणि सोंगट्या आहेत तशा बाहेर नेता येतील. पंच म्हणाले, अडीचला सभागृह बंद होईल, तोपर्यंत परत द्या. आणि जरा थांबून म्हणाले की घड्याळ मात्र न्यायची गरज दिसत नाही.

पट दोघांनी दोन बाजूंनी धरून, पाणी भरलेली परात न्यावी तसा, व्हरांड्यात नेला. दारात दोरी आडवा आला. तो घामाने भिजला होता.

“ताई, मी जिंकलो होतो. दोन महिने खुर्चीखाली हात दाबून धरला, तेव्हा कुठे जिंकलो. आणि तुम्ही आपल्या बाणेदारपणापायी आठ जणांची खोली घालवलीत. विचारलंत कोणाला?”

विचारलं नव्हतं. तिने तसं कबूल केलं. दोरीने तोंड फिरवलं आणि खांबाला टेकून रस्त्याकडे बघत उभा राहिला.

मामा मागून आले. ते काय म्हणतील याची तिला पंचांपेक्षा जास्त धास्ती होती. ते पटावर वाकले.

“हा उंट इथे कधीपासून होता, पोरी?”

“अकरा चाली झाल्या असतील.”

“अकरा? मग दिसायला हवा होता.”

“हो, मामा.”

“आता या डावात ही चूक पुन्हा चालायची नाही तुला.”

“ठाऊक आहे. आणि मामा, खोलीचं…”

“तिथे एकच खिडकी उघडायची,” मामा म्हणाले, आणि पायरीवर बसून डबा उघडला.

फिटर खाली मांडी घालून बसला. घड्याळ नव्हतं तरी पहिल्या दोन चाली त्याने सवयीने उजवीकडे हात मारला आणि फरशीवर थापटी बसली. तिसऱ्या चालीला त्याने प्यादं पुढे ढकललं, कपाळाला हात लावला आणि विचारलं की आता त्यालाही तो नियम लागू आहे का. ताई म्हणाली, सांगा. त्याने पँटला हात पुसला. दिसलं नाही असं नाही, म्हणाला, दिसलं होतं. पण तुमच्या सातव्या रांगेचं अजून डोक्यात होतं. मी राजाला तुमच्या मघाच्या हत्तीपासून वाचवत होतो, जो तिथे नाहीच.

“ही चांगली चूक आहे,” ताई म्हणाली. “घ्या परत.”

त्याने प्यादं मागे घेतलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी स्क्रूचा आटा उलटा फिरवू दिल्यासारखं स्वतःशीच हसला. पायऱ्यांवरची माणसं भोवती गोळा झाली. पंपवालेही आले, करंडक काखेत धरून. त्यांतल्या एकाने तो गैरसोयीचा वाटून कुंडीशेजारी ठेवून दिला. थोड्या वेळाने खांबाकडून, मान न वळवताच, दोरीने कोणाची चाल आहे म्हणून विचारलं. कोणीतरी सांगितलं. आणखी थोड्या वेळाने तो येऊन मामांच्या मागे उभा राहिला आणि वजीर सोडू नका, वजीर सोडू नका, असं फिटरला सांगू लागला, तेव्हा ताईने त्याला तू नक्की कोणाच्या बाजूचा म्हणून दटावलं. छोटे साहेब दारातून काही चाली बघून गेले. परत आले. मग घड्याळांची पेटी पायाशी ठेवून तिथेच उभे राहिले.

डाव एकूण दोन तास एकोणचाळीस मिनिटं चालला. त्यांतली बावन्न मिनिटं व्हरांड्यात. चाली त्र्याहत्तर. परत घेतलेल्या बारा : ताईच्या सात, फिटरच्या पाच. फिटर जिंकला.